जावेचं काळीज

पोळा नुकताच झाला होता. पावसाची भुरभुर आणि पोटाची दुखणी आमच्याकडे एकदमच येतात. लातुरातल्या ज्या दवाखान्यात मी सोनोग्राफी करते, तिथली बाकं सकाळपासूनच भरली होती. त्या गर्दीतून दोन बाया आत आल्या, तेव्हा मला आधी वाटलं, या एकमेकींच्या कुणी नसाव्यात. दार उघडं दिसलं म्हणून दोघी एकदम शिरल्या असतील. पुढची साठीच्या आसपासची, उंच, कपाळावर गोंदलेली. मागची तिच्याहून थोडी लहान, एका हातानं भिंतीचा आधार घेत, दुसऱ्यानं उजवी कूस दाबून धरत चाललेली. पुढचीनं तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"हिच्या पोटात दुखायलंय," ती मला म्हणाली. "ताप उतरंना. गावातल्या डाक्टरनं गॅस म्हणून गोळ्या देल्या. आता उजवा खांदा बी दुखायलाय म्हणं."

"तुमच्या कोण या?"

"जाऊ हाय. धाकली."

मी धाकटीला विचारलं, "मावशी, कधीपासून दुखतंय?"

ती छताकडे बघत म्हणाली, "त्यांला म्हाईत हाय सगळं. त्यांलाच इचारा."

मी मूळची लोह्याकडची. नांदेडला शिकले, तिथंच बरीच वर्षं काम केलं, आणि नवऱ्याची बदली झाली म्हणून लातूरला आले. 'करू लालाव' ऐकायची सवय असलेल्या माझ्या कानाला इथलं 'करायलाव' सुरुवातीला वेगळं लागायचं. पण जावा-जावांचा अबोला दोन्हीकडे सारखाच. तो मी लगेच ओळखला.

धाकटी टेबलापाशी येऊन थांबली. भिंतीवर गर्भलिंगनिदान करत नाही म्हणून पाटी होती आणि शेजारी पोटातल्या बाळाचा मोठा तक्ता.

"ही गरवार बायांची मशीन हाय," ती म्हणाली. "ह्या वयात मला इथं कशाला आणलं, इचारा त्यांला."

थोरली माझ्याकडेच बघत होती. मी समजावलं, की याच मशीनवर पोटातलं सगळंच दिसतं, पित्ताशय, मूत्रपिंड, आतडी. ती नाइलाजानं आडवी झाली. जेलची बाटली मी गरम पाण्याच्या मगात ठेवते, नाहीतर गार जेल लागली की माणसं पोट घट्ट करून घेतात. तरीही मशीनचा प्रोब पोटावर टेकवला तशी ती शहारली. बरगड्यांच्या खाली तिनं स्वतःच बोट ठेवून जागा दाखवली.

यकृत पडद्यावर बारीक रव्यासारखं दिसतं, राखाडी आणि एकसारखं. तिच्या यकृतात उजवीकडे एक गोल काळपट जागा होती, चांगल्या मोसंबीएवढी. आत गढूळ कण तरंगत होते. बाहेरच्या अंगाला यकृताची कड अगदी पातळ उरली होती.

"यकृतात पू झालाय," मी म्हणाले.

"कशात?" थोरलीनं विचारलं.

"काळजात."

आमच्याकडे काळीज म्हणजे यकृतही आणि जीव जिथं गुंतलेला असतो तेही. मटणाच्या दुकानात आणि ओवीत शब्द एकच. थोरली मागं सरकून स्टुलावर बसली. मी सांगितलं, की दूषित पाण्यातून जंतू पोटात जातो आणि तिथून काळजात. औषधानं बरं होतं, पण एवढा मोठा गोळा नुसत्या औषधावर सोडणं बरं नाही. मशीनवर बघत बघत सुई घालायची, पू काढायचा आणि एक बारीक नळी काही दिवस ठेवायची. पोट कापायचं नाही.

"न्हाई काढला तर फुटंल का?"

"फुटू शकतो. म्हणून आजच करावं."

"मला घरी जायचंय," धाकटी म्हणाली. "सांगा त्यांला."

"तिला सांगा," थोरलीचा आवाज अजिबात चढला नव्हता, "ह्या बारीला मी थांबणार न्हाई."

'ह्या बारीला' म्हणजे काय ते मला कळलं नाही. धाकटीला मात्र कळलं असावं. तिनं तोंड भिंतीकडे केलं. मी तिच्या पोटावरची जेल पुसत होते, तरी ती तशीच पडून होती. मग मला म्हणाली, "करा मग काय करायचं ते."

रक्ताच्या तपासण्या झाल्या, सलाईनमधून औषध सुरू झालं आणि दुपारी ती पुन्हा माझ्या टेबलावर आली. कातडी बधिर करून घेतली. आता तिनं फक्त एक काम करायचं होतं, श्वास धरायचा. श्वास घेतला की यकृत खाली सरकतं आणि सोडला की वर जातं. हलत्या गोळ्यावर सुई नेता येत नाही.

"थोडा श्वास घ्या. आता धरा."

ती भ्यालेली होती. धरा म्हटलं की तिला धापच लागायची आणि पडद्यावर तो काळा गोळा खालीवर पळायचा. मी सुई कातडीपर्यंत नेली आणि मागं घेतली. पुन्हा तसंच झालं. सिस्टरनं गोडीगुलाबीनं सांगून पाहिलं. मावशी ऐकत होत्या, पण अंग ऐकत नव्हतं.

थोरली दाराबाहेर उभी होती. एरवी मी या वेळी नातेवाइकांना आत घेत नाही. तिला मास्क आणि टोपी घालायला लावली, धाकटीच्या डोक्याशी उभं केलं आणि म्हटलं, नुसता हात धरा त्यांचा.

तिनं हात धरला नाही. कपाळावर पंजा ठेवला आणि खाली वाकली.

"ए, इकडं बघ. माझ्याकडं. मी धरते तसा धर. हं, घे. आता धर."

दोघींनी श्वास धरला. पडदा थांबला. सुई एका चमकत्या रेघेसारखी आत उतरताना दिसली आणि गोळ्यात शिरली. सिरिंजमध्ये काकवीच्या रंगाचा दाट पू आला. मी सुईतून बारीक तार सरकवली, तारेवरून नळी घातली, नळीचं टोक आत वळून बसलं आणि मी "झालं" म्हटलं. धाकटीनं श्वास सोडला. थोरली अजून तशीच उभी होती, गाल फुगवून, डोळे मोठे करून.

"आक्का," धाकटी म्हणाली, "सोडा की आता."

थोरलीनं श्वास सोडला. मग मास्क न काढताच ती बाहेर निघून गेली.

काम संपवून मी चहाला बाहेर आले, तेव्हा ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. मी शेजारी बसले. चहा देऊ केला, तो तिनं घेतला.

"लई वर्सांनी हाक मारली तिनं," ती म्हणाली.

मग आपणहून सांगत गेली. चाकूरजवळच्या गावातलं घर, दोघी सख्ख्या भावांच्या बायका. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला धड साडी नेसता येत नव्हती, ती हिनंच शिकवली. सासू आधीच गेलेली, त्यामुळं घरात मोठी हीच. धाकटीला पहिल्यांदा दिवस राहिले.

"सातवा सरत आला व्हता. म्हणली, आक्का, लेकरू हालंना. लातूरला जाऊन मशीनीवर बघू. सुगी चालू व्हती. खळ्यावर माणसं. मी म्हणलं, थांब, येवढी रास होऊ दे." ती कपातल्या चहाकडे बघत होती. "रास झाल्यावर गेलो. डाक्टरनं मशीनीचा पडदा आमच्याकडून पलीकडं फिरवला. तवाच कळलं मला. पुढं तिला लेकरू झालं न्हाई."

"मग अबोला धरला त्यांनी?"

"भांडली बी न्हाई. नुसतं बोलणं सोडलं. भांडली असती तर बरं वाटलं असतं मला. आता दोघींचे बी मालक गेले. माझी पोरं पुण्याला. मधे येक भिंत हाय. रातीला ती कण्हायली की ऐकू यायचं."

असं पोटातलं हलणं थांबतं तेव्हा बहुतेक वेळा सगळं होऊन गेलेलं असतं, हे मी माझ्या कामात पाहिलं आहे. ते मी तिला सांगितलं. म्हटलं, त्याच दिवशी आला असतात तरी कदाचित उशीरच झाला असता.

"असंल," ती म्हणाली. "पर ती इचारायली व्हती, आन् मी थांब म्हणलं."

आम्ही चहा संपवला.

धाकटी वॉर्डात होती तितके दिवस मी रोज तिच्या पोटावर मशीन फिरवायची. गोळा बसत चालला होता, ताप उतरला होता. थोरली खाटेखाली सतरंजी टाकून झोपायची. दोघींचं बोलणं फार नव्हतं. पाणी देऊ का, द्या. पंखा कमी करू का, राहू द्या. औषधानं धाकटीचं तोंड कडू व्हायचं, तर थोरली खडीसाखरेचा खडा तिच्या जिभेवर ठेवायची आणि पदरानं बोटं पुसायची. सिस्टर मला म्हणाली, "मॅडम, या दोघी बहिणी का हो?" मी म्हटलं, जावा आहेत.

एका दुपारी थोरली डबा घेऊन माझ्या खोलीत आली. भावकीतल्या एका पुतण्यानं गावाकडून धपाटे आणि दही आणलं होतं.

"गाव कोणतं तुमचं?"

"लोह्याजवळ."

"गावात घर कुठं?"

हा प्रश्न मला लहानपणापासून ओळखीचा आहे. त्यामागचा प्रश्नही. "विहारापाशी," मी म्हणाले.

डब्याचं झाकण तिच्या हातातच राहिलं. मग तिनं डबा माझ्यापुढं आणखी सरकवला आणि स्टूल ओढून बसली.

"खावा. दही आंबट व्हायलंय." एक धपाटा मोडून तिनं अर्धा मला दिला आणि अर्धा स्वतः खाल्ला.

नळीतून काही येईनासं झालं तशी मी ती काढली आणि त्या गावी गेल्या. पुढं तपासायला येत राहिल्या. मोसंबीचं लिंबू झालं, लिंबाचा आवळा झाला आणि शेवटी तिथं धुरकट डागच उरला. तो मी धाकटीला दाखवला. पडदा तिच्याकडे पूर्ण वळवून, बोट ठेवून. तिनं तो नीट पाहिला.

"आता आक्काचं बी बघा," ती म्हणाली. "जेवलं की पोट धरून बसत्यात. सांगत न्हाईत कुणाला."

"मला काय धाड भरली," थोरली म्हणाली.

"सकाळपासून उपाशी आणलंय त्यांला. च्या बी देला न्हाई."

थोरलीला झोपावं लागलं. धाकटी माझ्या खांद्यामागं उभी राहून पडदा बघत होती. "ते काळीज," ती थोरलीला सांगत होती, "आन् ते सरकायलंय ते श्वासानं. भ्यायचं न्हाई." काळीज छान होतं. पण खाली पित्ताशयात एक पांढरा ठिपका चमकत होता आणि त्याच्यामागं सावली पडली होती.

"खडा आहे एक," मी म्हणाले.

"दगुड?" धाकटीनं विचारलं. थोडं थांबून म्हणाली, "मला वाटलंच व्हतं."

मग माझ्या प्रोबखाली थोरलीचं पोट गदगदायला लागलं आणि पडद्यावर काहीच स्थिर राहीना. मी हात उचलून घेतला आणि त्यांचं हसून होईपर्यंत बसून राहिले. धाकटीचे डोळे भरून आले होते, पण ती हसतच होती.

थोरलीला मी सर्जनकडे पाठवलं. दिवाळीनंतर तिचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. त्या दिवशी मी आमच्याच दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर डोकावले, तेव्हा बाहेरच्या बाकावर धाकटी बसली होती, थोरलीच्या चपला पिशवीत घालून.

येळ अमावस्येला शेतात यायचंच, असं दोघींनी बजावलं होतं. आमच्या लोह्याकडे या सणाचं एवढं नसतं, लातूरकडे मात्र त्या दिवशी गावंच्या गावं रिकामी होऊन रानात जातात. आम्ही गेलो, मी, नवरा आणि माझी चार वर्षांची मुलगी. ज्वारी माणसाच्या डोक्याला लागेल एवढी उंच झाली होती. कडब्याच्या खोपीपुढं पंगत बसली होती, त्यांची भावकी, शेजारच्या शेतातली माणसं आणि आम्ही. बाजरीचे उंडे, भाज्या-शेंगा एकत्र शिजवून केलेली भज्जी, माठातलं गार आंबील. थोरलीनं मला स्वतः वाढलं आणि लोकांना सांगितलं, "ह्या आमच्या डाक्टरीण." धाकटी तिच्या ताटावर लक्ष ठेवून होती. "तेलकट कमी," असं ती दोनदा म्हणाली. थोरलीनं ऐकलं नाही.

जेवणं झाल्यावर मुलगी शेतात पळून पळून दमली आणि खोपीत जाऊन धाकटीच्या मांडीवर झोपली. ऊन कलून आत यायला लागलं तसा धाकटीनं पदर तिच्या तोंडावर आडवा धरला आणि तशीच बसून राहिली. थोरली बांधावरच्या बोरीखाली वाकून बोरं वेचत होती, आमच्यासोबत द्यायला.