आधी चार कोपरे दाखवा

सेतुमामांना व्हिडिओ कॉल केला की ते ख्यालीखुशाली विचारत नसत. "काय माप्पिळ्ळै, आधी चार कोपरे दाखवा," म्हणत. ते माझ्या बायकोचे मामा, तंजावरी मराठी; जावयाला हाक मात्र तमिळमधून. मग मी फोन घेऊन खोलीभर फिरायचो आणि दोरीवरचे माझे बनियन त्यांना दाखवायचो.

मामा चेन्नईत वकील. अंथरुणाला खिळलेल्या साक्षीदाराला घरूनच पडद्यावर साक्ष देता यावी, म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं अर्ज केले. शेवटी नियम बदलला. त्यातली एक अट मामांनीच सुचवलेली: साक्षीदाराच्या खोलीत दुसरं कोणी नको, म्हणून आधी कॅमेऱ्यात चार कोपरे दाखवायचे.

या नियमाखाली त्यांची पहिली साक्षीदार निघाली त्यांचीच बहीण, म्हणजे माझ्या सासूबाई. चेन्नईतल्या नुंगंबाक्कमचं राहतं घर त्यांनी नोंदणी कार्यालयात जाऊन दिरांच्या नावे करून दिलं, असा त्या दिरांचा दावा होता. हरल्या तर त्या वयात घर सोडायचं.

कॅमेरा लावून मी बाहेर जायचं ठरलं होतं. पण जावई मी, माझ्याशिवाय सासूबाईंचं कसं होणार! कोपरे दाखवून झाल्यावर मी कपाटाआड उभा राहिलो.

समोरच्या वकिलांनी विचारलं, "अम्मा, त्या दिवशी तुम्ही कार्यालयात गेला होतात ना?"

सासूबाई गोंधळल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जोरात नकारार्थी मान हलवली. "नाही," त्या म्हणाल्या.

"साक्षीदार कोणाकडे पाहताहेत?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

पडद्यावरच्या दुसऱ्या चौकटीत मामा उभे राहिले. "माझा जावई आहे. त्याने मान हलवली, भिंतीवरच्या आरशात मला दिसली. त्याला बाहेर काढा, हे उत्तर धरू नका. प्रश्न पुन्हा विचारा, एवढी विनंती."

समोरचे वकील ओरडले, सगळी साक्षच रद्द करा. न्यायाधीशबाई बराच वेळ लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा विचारा."

मी दाराबाहेर, कान फळीला. घर गेलंच, असं मी धरून चाललो.

मग सासूबाईंचा आवाज आला. "अय्यो, कशी जाणार? पाय मोडून याच पलंगावर होते. मला जिना उतरवायला चार माणसं लागतात. ती चौघं कोण, ते दिरांना सांगू दे की."

घर राहिलं. निकालाच्या दिवशी मामा एवढंच म्हणाले, "तिला उत्तर येत होतं, माप्पिळ्ळै. तुम्ही मधे उभे होता."

गेल्या वर्षी दवाखान्यातून त्यांचा फोन आला. या वेळी त्यांनीच फोन हळूहळू फिरवला: सलाईनचा खांब, खिडकी, रिकामी खुर्ची, दार. "कोणी नाही. आता खरं सांगा, डॉक्टर तुम्हाला काय म्हणाले?"

शेजारी बसलेली बायको मला मानेनं 'नको, नको' करत होती.

मी उठलो, दुसऱ्या खोलीत गेलो, दार लावलं आणि मामांना चारही कोपरे दाखवले.