सरूबाईच्या सासूचं जेवण

सरूबाई सासूला उपाशी ठेवते, हे आमच्या दिंडोशीच्या वसाहतीत सगळ्यांना ठाऊक होतं. खुद्द सासूच सांगायची ना. पार्वतीआजी खिडकीचे गज धरून उभी राहायची आणि जिन्याने जाणाऱ्या प्रत्येकीला म्हणायची, "हिनां माका सकाळपासना जेवूक दिल्यान नाय." तिच्या ओठाला भाताचं शीत चिकटलेलं असायचं, ते मात्र कोणी बघत नव्हतं. बायका गजातून शिरा, घावणे आत द्यायच्या. मग म्हातारीचं पोट बिघडायचं आणि चादरी सरूबाई धुवायची. पुण्य त्यांना, चादरी हिला.

सरूबाईचा नवरा धर्मा गिरणीत होता. संपानंतर गिरणी उघडलीच नाही. माणूस घरात बसून झुरला आणि गेला. पदरी मूल नाही. भाऊ न्यायला आला तेव्हा ही म्हणाली, "आईंना कोणावर टाकू?" तेव्हापासून गारमेंटच्या कारखान्यात काजबटणं करायची. जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायची, कारण म्हातारी एकदा गावच्या घराची वाट शोधत थेट हायवेवर सापडली होती. लोकांना हायवे दिसला नाही, कुलूप दिसलं. आमच्या महिला मंडळाची अध्यक्ष अनुपमा खालच्या नळावर सगळ्यांदेखत म्हणाली, "कुत्र्याला पण कोणी असं कोंडत नाही गं सरू."

सरूबाई हंडा उचलून निघाली. जिन्यात मला म्हणाली, "काकू, उद्या मी मेले तरी हेच म्हणतील. सासूला उपाशी ठेवून मेली."

सत्त्याऐंशी सालच्या संक्रांतीला इस्पितळातल्या प्रेमाताई वसाहतीत आल्या. म्हातारपणी माणूस विसरत जातं, त्या आजाराची माहिती वस्त्यांमधून सांगत फिरणं हे त्यांचं काम. काखेत चित्रांचे तक्ते. त्यांना बायका जमवून हव्या होत्या.

"आजाराच्या भाषणाला कोण येतंय, ताई?" अनुपमा म्हणाली. "रविवारी हळदीकुंकू ठेवते. वाणाला गाळणी. बघा कशा धावत येतात."

धावत आल्या. मंडळाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. प्रेमाताईंनी तक्ता लावला. ही करणी नव्हे, बाधा नव्हे, मेंदूच झिजत जातो, असं सोपं करून सांगितलं. मग विचारलं, "असं माणूस कोणाच्या घरात आहे?"

सगळ्या तिळगूळ चघळत राहिल्या.

"जिच्या घरात आहे तिला बोलावलंच नाही," मी म्हटलं.

अनुपमा माझ्या कानाशी आली. "काकू, हळदीकुंकू आहे. विधवेला कसं बोलावणार? तुम्ही एवढं देवाधर्माचं करता, तुम्हाला मी सांगायचं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "देवापुढे रोज बसते म्हणूनच सांगते," मी मोठ्यानेच म्हटलं. "हा विटाळ त्याने लावलेला नाही. तुझी चूक त्याच्या माथी मारू नकोस."

प्रेमाताईंनी तक्ते गुंडाळले. "घर दाखवा," म्हणाल्या. आम्ही निघालो. मागून सगळ्या आल्याच, हातात गाळण्या घेऊन. शिकायला नाही, तमाशा बघायला.

रविवार होता, सरूबाई घरी होती. दार उघडं. म्हातारी नुकतीच भात आणि सोलकढी जेवून उठली होती, सरूबाई तिच्या हातावर पाणी घालत होती. आजीने दारातली गर्दी पाहिली आणि ओल्या हातानेच सुरू केलं, "हिनां माका सकाळपासना जेवूक दिल्यान नाय."

उष्टं ताट तिथेच होतं.

"आजी खोटं बोलत नाहीत," प्रेमाताई तिच्याजवळ बसत म्हणाल्या. "जेवण त्यांच्या डोक्यातून पुसलं गेलंय. भांडू नका. आणि सारखं खायलाही देऊ नका, सोबत द्या."

सरूबाईने ताट उचललं. "हे मी नळावर किती वेळा सांगितलं. तेव्हा मी लबाड. आता ताई बोलल्या म्हणून खरं झालं?"

अनुपमाने गाळणी पुढे केली. "घे गं, वाण."

"गाळणी आहे माझ्याकडे. मंगळवारी मी कामावर जाईन, तेव्हा इथे येऊन बस. म्हणजे कुलूप लावावं लागणार नाही. बारा वाजता आईंना वाढ. घरून काही आणू नकोस."

सगळ्यांदेखत मागितलं, नाही म्हणायची सोय नव्हती. अनुपमा मंगळवारी आली, आणि डबा घेऊनच आली. सरूबाईने तो जिन्यात ठेवायला लावला आणि कामाला गेली.

दुपारी मी तिकडे गेले, तर पार्वतीआजी गज धरून साऱ्या जिन्याला ऐकवत होती, "हिनां माका जेवूक दिल्यान नाय." वरच्या मजल्यावरच्या दोघी थांबून ऐकत होत्या.

अनुपमा रडकुंडीला आली होती. "काकू, आत्ता वाढलं हो. देवाशपथ."

"मला ठाऊक आहे," मी म्हटलं. "नळावर जाऊन सांग."