टबातला तराफा

वाचनालयाच्या उन्हाळी शिबिरात मी मुलांना एका जुन्या अमेरिकन लेखकाची ओळख करून दिली. नदीकाठी वाढलेला, आयुष्यभर नदीवरच लिहीत राहिलेला माणूस. मग आम्ही आइस्क्रीमच्या काड्यांचे तराफे केले आणि कपडे भिजवायच्या टबात सोडले. ते जरा सरकायचे, की लगेच कडेला टेकायचे.

"ताई, नदीत सोडू या ना," सहावीतली मुक्ता म्हणाली.

खिडकीतून आमची नदी दिसते. पात्रात स्टंप रोवून पोरं क्रिकेट खेळत होती. सातासमुद्रापलीकडची नदी मी तासाभरात मुलांपुढे आणली. या नदीत ओंजळभर पाणी आणणं काही माझ्या हातात नव्हतं.

"पावसाळ्यात सोडू," मी म्हटलं.

"मागच्या पावसाळ्यातही कोरडीच होती, ताई," असं म्हणून मुक्ता टबाशी बसली आणि तराफ्यावर हळूच फुंकर घालू लागली.