नूतनआत्याचा चोपडा

नूतनआत्याचा चोपड्याला माणूस आहे. देवपूरच्या आमच्या गल्लीत ही बातमी सगळ्यांना माहीत आहे, आणि ती सांगायची रीतही ठरलेली आहे. आधी पदर तोंडाशी न्यायचा, मग आवाज इतका खाली आणायचा की ऐकणारीला वाकावंच लागेल. शेजारच्या शेवंताबाई हे काम फार सुंदर करतात. "नूतन शे ना... मुक्कामी गाडी लेस म्हने. चोपडानी. मुद्दाम." 'मुद्दाम'ला नुसते ओठ हलतात, आवाज येतच नाही. मला नकला करायचा नाद; ते जमलं त्या दिवशी मी आरशासमोर नाचले होते.

तर आता दुरुस्ती. आत्या, म्हणजे बाबांची चुलतबहीण, एसटीत कंडक्टर आहे. चोपड्याची मुक्कामी गाडी, रात्री त्या गावातच थांबणारी, तिला पाळीने येते, जशी आगारात सगळ्यांना येते. तिथे ती बायकांच्या खोलीत डासांची अगरबत्ती लावते आणि घोरते. चोपड्याला माणूस कोणाचा असेल तर तो आत्याचा नाही. तिच्या सख्ख्या भावाचं, योगराजकाकाचं, तिथे एका बाईकडे जाणं-येणं आहे. केळीचा भाव बघायला म्हणून जातो तो. हेसुद्धा गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, पण ही बातमी कोणी पदराआड सांगत नाही. पानटपरीवर निंबाभाऊ पोटातून आवाज काढतात, "काय योगराज, चोपडानी केळी भलती गोड शेतस वाटस," आणि पाठीवर थाप. काका लाजल्यासारखं करतो, केसातून हात फिरवतो. "रंगीला गडी शे," म्हणतात त्याला.

चोपडा भावाचा आणि नाव बहिणीचं. मला तर हे कळल्यावर हसू आवरेना.

आत्याचं म्हणाल तर तिचा घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली. ती माहेरीच राहते, आई आणि भावाच्या घरात. तिला आगारातले लीलाधरभाऊ आवडतात. गाड्या दुरुस्त करतात, बायको वारलेली. सुट्टी जुळली की दोघं हायवेवरच्या ढाब्यावर भरदुपारी, रस्त्याकडे तोंड करून शेवभाजी खातात. मी एकदा विचारलंच. आत्या तिकीट फाडल्यासारखी म्हणाली, "आवडतो मला. अजून काही? सुटे द्या."

एका संध्याकाळी ओट्यावर मंडळी जमली होती. मी आवाजांची अदलाबदल केली. काकाची बातमी शेवंताबाईंच्या आवाजात सांगितली. पदर नव्हता, ओढणी घेतली. "योगराज शे ना... चोपडाले जास म्हने. केळीनं तं नुसतं नाव शे." एरवी हसणारे निंबाभाऊ स्वतःच्या चपलांकडे बघायला लागले. मग निंबाभाऊंच्या पोटातून आत्याची: "काय नूतन, लीलाधरसंगे शेवभाजी भलती झणझणीत लागस वाटस." आत्या हसून हसून पायरीवर बसली. बाकी कोणी हसलं नाही. आईने मला कानाला धरून आत नेलं.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, नथ घातलेली, दागिन्यांनी मढवलेली. रविवारी बसवतात, सोमवारी सकाळी पाटावर ठेवून घरातली एक बाई डोक्यावरून पांझरा नदीवर नेते. आमच्या भाऊबंदकीत हा मान कायम डिंपलकाकूचा, म्हणजे योगराजकाकाच्या बायकोचा. आत्याला फुगडीपुरतं बोलावतात. यंदा काकू म्हणाली, "मनी मान लचकनी." त्याच दुपारी तिने भरलेला सिलिंडर उचलून ओट्याखाली सरकवला, मी पाहिलं. ती माझ्याकडे बघून नुसती भुवई हलवून गेली.

आत्याला तो पाट हवा होता. ती मला भांडी घासताना म्हणाली, "या घरात मी पाहुणी आहे की घरची, हे एकदा रस्त्यावर सगळ्यांना दिसू दे."

"अक्का हो म्हणायची नाही," मी म्हणाले. अक्का म्हणजे आत्याची आणि काकाची आई.

"पैज?"

"पैज. मी जिंकले तर तुझी कंडक्टरची शिट्टी माझी."

"आणि मी जिंकले तर घरापासून नदीपर्यंत माझ्या बाजूला चालायचं. एकाचाही आवाज काढायचा नाही."

मी टाळी दिली. शिट्टी माझीच होती.

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू काढायला अक्का बसली, तेव्हा सगळं घर भोवती होतं. आमच्यात रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. काकाचं नाव आलं. अक्काने मूठ अशी भरली की दाणे बोटांतून सांडले. तेवढ्यात आत्या ड्युटीवरून आली, खाकी अंगातच.

"अक्का, भाऊची मूठ टाकली?"

"मंग? घरना माणूस शे."

"मीही घरचीच. मला मूठ नको. उद्या कानबाई मी नेते."

कोणीतरी खोकलं. अक्काने नेहमीचा आवाज खाली आणला. "लोके काय म्हनतीन, नूतन?"

"काय म्हणतात?"

"तेच. तू चोपडाले..."

आणि अक्का तिथेच अडकली. कारण चोपडा म्हटल्याबरोबर त्या खोलीतल्या सगळ्या माना काकाकडे वळल्या होत्या. ठरवून नाही, आपोआप. माझीसुद्धा. काका मोबाइलमध्ये शिरला.

डिंपलकाकू सुपातले खडे वेचत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगा ना. चोपडाले काय?"

अक्काचा हात गव्हातच राहिला. ती आत्याला म्हणाली, "मंग काय, त्यानी मूठ काढाले लावशी का मले?"

"नाही. त्याची राहू दे. माझा पाटही राहू दे."

अक्काने पुढची मूठ भरली, टाकली, हात झटकला. "सकायले न्हाईसन ये. खाकी घालीसन वनी तं मार खाशी."

सोमवारी आत्याच्या डोक्यावर कानबाई, पुढे डफ, आणि बाजूला मी, तोंड मिटून. काय काय ऐकावं लागलं म्हणून सांगू. शेवंताबाई हात जोडून अशा उंच, गोड आवाजात म्हणाल्या, "हळू वं नूतनबाई, खड्डा शे," की मला तो जागेवरच काढून बघायचा होता. निंबाभाऊ फुलं टाकताना नुसतं "हं हं" करत होते, पोटातून आवाजच नाही. पुलाच्या तोंडाशी लीलाधरभाऊ उभे, केस पाणी लावून चापलेले. अक्काला "राम राम, माय" म्हणताना त्यांचा आवाज मधेच फाटला. अक्का थांबली, त्यांना खालून वर पाहिलं आणि म्हणाली, "चाला मंग. उभा काय?" आणि तो आवाज तर मी आजपर्यंत अक्काच्या तोंडून ऐकलाच नव्हता.

सगळे आवाज माझ्या जिभेवर आले होते. पाटाखालून आत्या मान न हलवता पुटपुटली, "काढ ना एखादा आवाज. शिट्टी तर तशीही गेलीच."

मी ओढणीचं टोक दातात धरलं आणि नदीपर्यंत चालत राहिले.