‘नाही त काय’ म्हणजे हो

आमच्या संघटनेत माणसांना ग्राहक म्हणायला लागले, त्या आठवड्यात मी दोनदा राजीनामा दिला. भाऊंनी दोन्ही वेळा तो वाचलाच नाही. मी तो पत्रकासारखा लिहिला होता, आणि माझी पत्रकं भाऊ न वाचताच छापायला पाठवतात.

भाऊ म्हणजे संघटनेचे प्रमुख. भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या दुकानावर आमची एक खोली होती. खाली ठोकाठोकी चालायची, त्यामुळे वर सगळ्यांना ओरडूनच बोलावं लागायचं. मला ते बरं पडायचं.

तेव्हा प्रश्न होता संध्याकाळच्या गाडीचा. लाखांदूर तालुक्यातल्या काही गावांना सकाळची एसटी होती, संध्याकाळची बंद झाली होती. म्हणजे पोरींनी सकाळी शिकायला जावं आणि तिकडंच वस्तीला राहावं, असं कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं असावं. हे वाक्य मी पत्रकात घातलं होतं. मी ते खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणून भाऊंनी ‘सुपीक’ काढायला लावलं.

त्या गावांपैकी एका गावची मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचं प्रॅक्टिकल संपेपर्यंत परतीचं काही मिळत नसे, म्हणून बाप मोटारसायकलवर आणायला जायचा. बाप वाईट नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण पत्रकात बाप नेहमी वाईटच असतो आणि तो तसा मीच लिहिते. हा माणूस चिखलाचे पाय धुऊन रोज कॉलेजच्या फाटकाशी उभा राहायचा. पण धान पिवळा पडायला लागला होता. तो मला सरळ म्हणाला, “धान कापाले आला का मी बांधीतच राहीन. मंग हिले आणाले कोन जाईन? गाडी आली त ठीक, नाही त पोरगी घरी.” बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं शेत.

प्रश्न एवढाच होता. कापणीच्या आधी गाडी सुरू होते की पोरीचं शिक्षण बंद होतं.

आगाराचे साहेब भले होते. पश्चिमेकडून बदलून आलेले, इथली हवा आणि इथली भाषा दोन्ही त्यांना अजून मानवली नव्हती. त्यांनी आम्हाला सांगितलं, रोज कोण कोण प्रवास करणार ते मला लेखी द्या, बैठकीत मांडतो. मी म्हटलं, सोपं आहे, गावात बसते, सह्या घेते. पण भाऊंचा भाचा मध्ये पडला.

हा भाचा नागपूरला मोटारसायकलच्या शोरूममध्ये संगणक बघायचा. त्याने तिथलंच ग्राहक सांभाळण्याचं सॉफ्टवेअर आमच्या संगणकावर आणून बसवलं होतं. लोक मोबाइलवर फॉर्म भरतील, भरला की उत्तर आपोआप सॉफ्टवेअरमध्ये जाईल, तिथून माणसाला आपोआप संदेश जाईल आणि साहेबांना आपोआप अहवाल जाईल. ‘आपोआप’ म्हणताना त्याचा चेहरा असा फुलायचा की मला त्याचा रागच यायचा. मी विचारलं, उत्तर वाचणार कोण? तो म्हणाला, वाचायची गरजच नाही, तीच तर गंमत आहे.

सॉफ्टवेअरमध्ये माणसांचे प्रकार होते. गरम ग्राहक, थंड ग्राहक आणि अपूर्ण. फॉर्मवर ‘संध्याकाळची गाडी सुरू झाल्यास रोज प्रवास कराल का?’ या प्रश्नाला ‘हो’ आलं की माणूस गरम. उत्तरात कुठेही ‘नाही’ आलं की थंड. बाकी काहीही आलं की अपूर्ण. मी म्हटलं, ही माणसं आहेत, वरणभात नाही. भाऊ हसले, आणि लिंक गावांच्या ग्रुपवर गेली.

आता गावातल्या बायका काय मोबाइलवर टाइप करत बसणार? विहाराच्या ओट्यावर रेंज चांगली, तिथे त्या जमल्या. माइकचं बटण दाबून बोललं की मोबाइल लिहून घेतो, हे पोरींनी त्यांना दाखवलं. मग काय, जसं बोलतात तसंच बोलल्या.

दोन दिवसांनी त्या मुलीचा मला फोन आला. रडत नव्हती, चिडली होती, आणि ते जास्त वाईट होतं. फॉर्ममध्ये तिने बापाचा नंबर दिला होता. बापाला संदेश आला होता की आपणांस गाडीची आवश्यकता नसल्याचे समजले, भविष्यात विचार झाल्यास अवश्य कळवावे. बापाने तो तिच्यासमोर धरला आणि म्हणाला, “तुनंच नाही म्हणून लिवलं ना? मंग आता तोंड पाडून काहून राहिली?” पोरगी मला म्हणाली, “ताई, मी असं कायी लिवलंच नाही. तुमच्या मशीनले माह्याशी काय दुश्मनी आहे?”

मी खोलीवर गेले आणि भाच्याला संगणकापुढून उठवून स्वतः उत्तरं उघडली.

तिने लिहिलं होतं, ‘नाही त काय.’

तिच्या शेजारणीने लिहिलं होतं, ‘काहून नाही करणार’, म्हणजे का नाही करणार. कुणाचं ‘नाही कायले म्हणीन’. एकीने बोलताना ‘हव’ म्हटलं होतं, आमच्याकडचं अगदी रोजचं होकाराचं बोलणं. मोबाइलला ते कळलं नाही, त्याने ‘हवा’ लिहून टाकलं. ती बाई अपूर्ण ठरली होती. गाव जीव तोडून हो म्हणत होतं आणि आमच्याच यंत्राने सगळ्यांना थंड करून, आभार मानून, घरी पाठवलं होतं.

भाचा म्हणाला, लोकांनी नीट उत्तर द्यायला पाहिजे होतं, हो किंवा नाही. मी त्याला विचारलं, तुझी आई जेवतोस का विचारते तेव्हा तू काय म्हणतोस? तो चटकन म्हणाला, “नाही त काय.” आणि कीबोर्ड पुढे ओढला.

पण तेवढ्याने सुधारेल तो भाचा कसला. संध्याकाळपर्यंत त्याने नवा नियम घातला, की ‘काहून’ आणि ‘नाही’ एकत्र आले तर तो माणूस गरम. लगेच एक काळीपिवळीवाला गरम ग्राहकांत जाऊन बसला. गाडी सुरू झाली तर त्याचा धंदा बसणार होता. त्याने लिहिलं होतं, ‘काहून? नाही पाहिजे.’ अख्ख्या तालुक्यात मनापासून नाही म्हणणारा तो एकटा, आणि आमच्या हिशेबी सगळ्यात उत्सुक प्रवासी तोच.

त्यात साहेबांना पहिलाच अहवाल आपोआप जाऊन पोचला होता. या मार्गावर मागणी दिसत नाही, असा. आमच्या संघटनेच्या नावाने! वर्षभर मी ज्यासाठी घसा फोडला ते आमच्याच शिक्क्यानिशी खोटं ठरलं होतं.

बैठकीच्या सकाळी मी त्या मुलीला आणि तिच्या बापाला घेऊन आगारात गेले. साहेबांसमोर उत्तरं ठेवली आणि एकेक समजावू लागले. साहेबांनी चष्मा काढला, लावला. म्हणाले, अहो मॅडम, इथे स्वच्छ ‘नाही’ लिहिलंय, तुम्ही त्याचं ‘हो’ करताय, मी वर काय सांगू? मी पत्रकाच्या आवाजात सुरू झाले. भाषा, अन्याय, सगळं काढलं. साहेब घड्याळाकडे बघायला लागले.

तेव्हा बाप पहिल्यांदा बोलला. पोरीकडे न बघता म्हणाला, “साहेब, कागद राहू द्या जी. पोरगी उभी आहे, तिलेच पुसा.”

साहेबांनी तिला विचारलं, गाडी सुरू केली तर रोज येशील का?

ती म्हणाली, “नाही त काय जी.”

ते तिने ज्या तोऱ्यात म्हटलं, ते कुठल्याही सॉफ्टवेअरच्या रकान्यात मावलं नसतं. साहेबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग बापाकडे. बाप मान हलवत होता. साहेब हसले आणि आमचा कागद पुन्हा वरून वाचू लागले, या वेळी ओठ हलवत, स्वतःशी बोलून बघत. अर्ध्यावर आल्यावर म्हणाले, “मग हे सगळे येणार म्हणतायत?” मी म्हटलं, एक काळीपिवळीवाला सोडून.

कापणीला हात लागायच्या आधी गाडी सुरू झाली, तात्पुरती म्हणून. पहिल्या संध्याकाळी मी खोलीवर होते. बापाच्या मोबाइलवर आलेला आणि त्याने तिला धाडलेला एक संदेश मुलीने गाडीतूनच मला पुढे पाठवला. भाच्याने प्रकरण ‘यशस्वी’ करून टाकलं होतं आणि शोरूमचे संदेश तो बदलायचे विसरला होता. ‘नवीन गाडीबद्दल आपले हार्दिक अभिनंदन. पहिली सर्व्हिसिंग मोफत.’

मी भाच्याला फोन लावला, तर तो खूश. म्हणाला, गेला ना संदेश? म्हणजे जोडणी चालू आहे.

मी फोन ठेवला. पहिल्या संदेशाखाली मुलीचा दुसरा येऊन पडला होता.

‘ताई, बाबा बांधीत आहे. मी घरी पोचून राहिली. सर्व्हिसिंगले गाडी कधी आणू?’