शिमग्याच्या दिवशीचा वर्ग

अभ्यासात मागे पडलेल्या मुलांसाठी आमच्या कॉलेजात एक खास खोली आहे, हे मला तिथे शिकवायला लागून दोन वर्षं झाल्यावर कळलं. दारावर 'विद्यार्थी साहाय्य कक्ष' अशी सुबक पाटी. आत गॅदरिंगचे पडदे, मोडकी बाकं आणि कुणीतरी देणगी दिलेला वजनकाटा. मी तासिका तत्त्वावर गणित आणि संख्याशास्त्र शिकवायचे, म्हणजे दर वर्षी नवं पत्र आलं तर प्राध्यापक, नाहीतर घरी. अशा माणसाने पाटीमागे काय आहे ते विचारायचं नसतं. मीही विचारलं नाही, आणि त्याचा मला आजही राग येतो.

कागदावर मात्र त्या खोलीत रोज साडेतीन ते साडेचार जादा वर्ग भरत होता. त्याला सगळे रेमेडियल म्हणायचे. ही वेळ कुणी ठरवली देव जाणे. आमचं कॉलेज किनाऱ्यापासून आत, तालुक्याच्या गावात. मुलं आजूबाजूच्या वाड्यांतली, भातशेती करणाऱ्या घरांतली. त्यांची म्हसळ्याकडे जाणारी एस.टी. सव्वातीनला सुटते आणि पुढची थेट साडेसहाला. ज्यांच्यासाठी वर्ग, ती मुलं वर्ग भरायच्या आधीच घराच्या वाटेला लागलेली! आमच्या शिपायाला हे ठाऊक होतं, वेळापत्रक करणाऱ्यांना नव्हतं.

मार्चअखेरीला तपासणीची समिती येणार असं कळलं आणि कॉलेजात लगीनघाई सुरू झाली. विभागप्रमुखांनी मला बोलावून एक कोरं करकरीत रजिस्टर पुढे सरकवलं.

"मॅडम, रेमेडियलची हजेरी भरून घ्यायचीय. मुलांना बोलावलंय. वडापाव सांगितलाय."

टेबलावर चार पेनं काढून ठेवली होती. दोन निळी, एक काळं, एक शाईचं. सगळ्या सह्या एकाच पेनाने झाल्या तर समितीला संशय येईल, एवढी अक्कल होती. तीच अक्कल वेळापत्रकाला लावली असती तर पेनं लागलीच नसती.

मुलं आली, त्यांनी वडापाव खाल्ले, पेनं बदलत सह्या ठोकल्या. शेवटच्या रकान्यात शिक्षकाची सही मी केली. तीस दिवस, तीस सह्या. बोटं जरा दुखली, बाकी काही झालं नाही. समिती आली, रजिस्टर चाळलं, चांगला शेरा दिला आणि जाताना किहीमच्या कॉटेजवर मुक्काम करून मुंबईला गेली.

त्या सह्या करणाऱ्यांत दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. पहिल्या वर्षाची माझ्याच विषयाची केटी, म्हणजे नापास राहिलेला पेपर, तिच्या मानगुटीवर बसलेली. ती सुटली नाही तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. तिची आई काशीदला एका होमस्टेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, तिकडेच राहायची, आणि तिथल्या मालकाने मुलीसाठीही जागा धरून ठेवली होती. पास झालीस तर शीक, नाहीतर जूनपासून माझ्यासोबत चल, असं आईने सांगून टाकलं होतं. परीक्षेला महिना उरला होता. समिती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन विभागप्रमुखांसमोर उभी राहिली.

"सर, रेमेडियल खरंच घ्या ना. मला त्यातलं कायबी कळत न्हाय."

सरांनी शांतपणे रजिस्टर उघडलं. "तीस वर्ग केलेस तू. ही तुझी सही. एवढं करूनही कळत नसेल तर कॉलेजने काय करायचं? आता पुन्हा वर्ग लावले तर आधीचे खोटे ठरतील."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुलगी मात्र रजिस्टरवर वाकली आणि तारखांवरून बोट फिरवत खाली आली. एका ओळीवर थांबली.

"सर, ह्या दिवशी शिमग्याची पालखी आमच्या अंगनात व्हती. वर्साकाठी एकदा देव घरी येतो. त्या दिवशी मी कालेजात? आमच्या गावातलं कुत्रंबी येनार न्हाय."

खरंच होतं ते. तारखा लिहिताना रविवार नेमके गाळले होते, शिमगा कुणाच्या डोक्यातच आला नाही. त्या दिवसांत मुंबईच्या कंपनीतला माणूससुद्धा रजा टाकून गावी येतो, न येणाऱ्याला घरचे वर्षभर बोल लावतात. दारात पालखी असताना पोरं बसून गणितं सोडवत होती, असं आम्ही लिहिलं होतं. आम्ही, सगळे इथेच जन्मलेले! त्या दिवशी मी स्वतः माझ्या गावी ओटी भरायला ताट घेऊन उभी होते.

"मग सही का केलीस?" सर म्हणाले.

"मॅडमनी पन केली ना," ती म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

सरांचा राग आला होताच, पण त्याहून जास्त माझा मला आला. दुसऱ्या दिवसापासून अडीचला शेवटचा तास संपला की मी तिच्याबरोबर एस.टी. स्टँडवर जाऊ लागले. कॉलेजची खोली मागितली नाही, मिळणार नव्हती. उसाच्या रसाच्या गाड्यामागे एक सिमेंटचा बाक आहे, तिथे बसायचो. प्रमाण विचलन तिच्या डोक्यात काही केल्या शिरेना. मग एस.टी. रोज किती मिनिटं उशिरा येते ते मी तिला लिहायला लावलं. आज बारा, काल चार, परवा वीस. त्याची सरासरी काढली, मग प्रत्येक दिवस त्या सरासरीपासून किती लांब गेला ते मोजलं. "म्हंजी यष्टीचा भरवसा किती न्हाय, ते ह्याच्यानं कळतं?" ती म्हणाली. एवढं साधं होतं ते, आणि त्यासाठी त्या पोरीला दोन वर्षं घालवावी लागली. आठवडाभरात आणखी तिघं बाकावर येऊन बसली. कंडक्टर घंटी वाजवायच्या आधी आम्हाला हाक मारू लागला.

जूनमध्ये निकाल लागला. काठावर का होईना, ती सुटली.

आणि दुसऱ्याच आठवड्यात सरांचा निरोप. कक्षाच्या वार्षिक अहवालासाठी यशस्वी विद्यार्थिनीचा अभिप्राय हवा होता. वरातीमागून घोडं, तेही दुसऱ्याचं! ती आली. सरांनी छापील फॉर्म पुढे केला आणि खालच्या रेघेवर बोट ठेवलं. "इथे सही कर फक्त. वरचं आम्ही भरतो."

"न्हाय सर. या टायमाला मी वाचून करनार."

तिने खुर्ची ओढली, फॉर्म सावकाश वाचला आणि स्वतः भरला. 'साहाय्य कक्षाचा कसा उपयोग झाला' यापुढे तिने लिहिलं: शिमग्याच्या दिवशी वर्ग झाला नाही. बाकीच्या दिवशीही झाला नाही. मला मॅडमनी एस.टी. स्टँडवर शिकवलं. खाली पूर्ण नाव, तारीख, सही. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"मॅडम, हितं शिक्षकाची सही. तुमची ऱ्हायलीय."

सर माझ्याकडे बघत होते. नव्या वर्षाची पत्रं त्याच टेबलावर, त्यांच्या सहीसाठी पडली होती, आणि त्यांत माझंही होतं. मी पेन घेतलं. मार्चमध्ये तीस खोट्या सह्या मी तारखाही न वाचता केल्या होत्या. ही एक खरी सही मात्र मी वरचं सगळं वाचून केली, आणि कागद सरांकडे सरकवला.