जन्मतारीख, अक्षरी

चौथीच्या पोरांना आकड्यांत स्वल्पविराम शिकवून मी आता थकलोय. उजवीकडून आधी तीन अंक, मग दोन-दोन, हे सांगून तोंडाला फेस येतो; पोरं मनाला येईल तिथे स्वल्पविराम देऊन मोकळी होतात. एकोणसाठ लिही म्हटलं की एकोणसत्तर लिहिणाऱ्यांवर मात्र मी हल्ली ओरडत नाही. तो अधिकार मला उरलेला नाही.

धुळ्याजवळच्या ज्या गावात नोकरीला लागलो, तिथेच बदल्या फिरून परत आलो. पूर्वी पोरांना शाळेत घालायला येणाऱ्या आईबापांना जन्मतारीख ठाऊक नसायची. मग आम्ही पोराचे दात बघून वर्ष ठरवायचो आणि तारीख एक जून ठोकून द्यायचो. अर्धं गाव एक जूनला जन्मलेलं आहे. रजिस्टरात तारीख आधी आकड्यात लिहायची, मग अक्षरी. एका दिवसात चाळीस नावं, हात भरून यायचा.

दोन वर्षांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी आली. अंगणवाडी मदतनिसाच्या जागेसाठी तिला शाळेचा दाखला हवा होता. मी जुनं रजिस्टर उघडलं. वर्ष आकड्यात ८९, अक्षरी 'एकोणऐंशी'. अक्षर माझंच.

दोहोंत फरक आढळला की अक्षरी लिहिलेलं खरं धरतात. माझ्या पेनाने ती दहा वर्षांनी म्हातारी झाली होती, वयाच्या अटीबाहेर. दुरुस्ती माझ्या हातात नव्हती. 'चूक माझी' असं लिहून अर्ज केला, धुळ्याला चार खेटे घातले. मंजुरी आली तेव्हा जागा भरून महिना झाला होता. मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

"जाऊ द्या गुरुजी, तुम्ही मुद्दाम थोडंच करं," ती म्हणाली. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

यंदा जूनमध्ये ती धाकट्या मुलीला पहिलीत घालायला आली. मुलीचा जन्मदाखला तिने आणला होता. तो बघून मी तारीख आकड्यात लिहिली आणि शेजारच्या रकान्यात पेन टेकवलं. तिने हात पुढे केला.

"गुरुजी, अक्षरी मी लिखसू."

आवाजात राग नव्हता. नियमात बसत नव्हतं, तरी मी रजिस्टर तिच्याकडे सरकवलं आणि तिचं लिहून होईपर्यंत मान खाली घालून बसलो.